रांगच नव्हती, तर उभे कुठे राहणार?

नातेवाइकांच्या ग्रुपवर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा फोटो आणि खाली मजकूर: "एकोणिसाव्या शतकातले लोक अमेरिकेत रांगेत उभे राहून, कायदेशीर मार्गाने आले. स्वातंत्र्याच्या ओढीने आले. आल्या आल्या इंग्रजी शिकले. म्हणून देशाने त्यांना जवळ केलं." त्यावर मामांचा शेरा, "शंभर टक्के खरं." मामा, रागावू नका, पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

आधी रांग. १८७५ पर्यंत येणाऱ्याला अडवणारा केंद्र सरकारचा कायदा जवळजवळ नव्हताच. भाडं भरा, बोटीत बसा, उतरा. व्हिसा आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या, त्याही व्हिसाशिवायच. मोडायला कायदाच नसेल, तर तो पाळल्याचं कौतुक कसलं?

ओढीचं म्हणाल, तर आयर्लंड बघा. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडत गेला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. १८४७ साली स्ट्रोक्सटाउनचा जमीनदार डेनिस माहोन याच्याकडे हिशेब मांडला गेला: कुळांना गरीबखान्यात पोसण्यापेक्षा बोटीचं तिकीट स्वस्त पडतं. १,४९० जणांना घरं सोडायला लावली. बायकापोरांसह ते कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेले. पुढे लिव्हरपूल, तिथून कॅनडातलं क्वेबेक, कारण तिकडचं भाडं कमी. अशा वाटेने आलेले कितीतरी आयरिश पुढे सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेले. माहोनच्या कुळांना नेणाऱ्या 'व्हर्जिनियस' बोटीवर ४७६ प्रवासी होते. १५८ वाटेतच गेले.

इंग्रजीचं थोडक्यात: जर्मनीहून आलेल्यांची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात सरकारी शाळांत १८४० पासून जर्मनमधूनही शिकवत, ते थेट पहिल्या महायुद्धापर्यंत.

राहिलं 'जवळ केलं'. १८४४ साली फिलाडेल्फियात दंगलखोरांनी आयरिश कॅथलिकांची दोन चर्चं जाळली. पुढे परदेशी लोकांच्या विरोधात 'नो-नथिंग' नावाचा पक्षच निघाला (विचारलं की सदस्य म्हणायचे, "मला काही माहीत नाही"). १८५६ च्या निवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला, माजी अध्यक्ष फिलमोर यांना, दर पाचातलं एक मत पडलं.

आणि चिनी? डोंगर फोडून रेल्वे त्यांच्याकडून घालून घेतली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाचं दार बंद केलं. २ सप्टेंबर १८८५ ला वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्सच्या कोळसा खाणीवर गोऱ्या कामगारांनी २८ चिनी मारले, त्यांची घरं जाळली. शिक्षा कोणालाही नाही. वाचलेल्यांना आठवड्याभराने सॅन फ्रान्सिस्कोला नेतो म्हणून आगगाडीत बसवलं. गाडी थांबली ती परत रॉक स्प्रिंग्सलाच. खाणीला माणसं हवी होती.

तुमच्या फोटोतल्या पुतळ्याचं अनावरण त्यानंतर वर्षभराने झालं.