माळ म्हणजे मेलेलं जंगल नव्हे

पावसाची चाहूल लागली की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा: माळव्यात पूर्वी सगळीकडे घनदाट अरण्य होतं, माणसाने कुऱ्हाड चालवली आणि उजाड माळ उरले. जमीन मोकळी सोडली की तिथे शेवटी जंगलच उभं राहतं, क्राकातोआ बेट बघा. प्राणवायू देतात ती झाडंच. तेव्हा दिसेल त्या पडीक जागेवर रोपं लावा. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण मजकूर अर्धवट आहे, आणि त्यापायी आपल्या गवताळ माळांचा जीव जातोय.

आधी क्राकातोआ. इंडोनेशियातल्या या ज्वालामुखी बेटाचा मोठा भाग 1883 च्या स्फोटात समुद्रात गेला आणि उरलेलं बेट राखेखाली गाडलं गेलं. 3 वर्षांत तिथे नेचे दिसले, पुढे गवत आलं आणि 50 वर्षांच्या आत झाडांनी ते व्यापलं. हे सगळं खरं. पण ते बेट विषुववृत्ताजवळच्या भरपूर पावसातलं. इंदूरला वर्षाकाठी साधारण 1000 मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक 4 महिन्यांत. एवढ्या पावसावर पानगळीचं जंगलही तगतं आणि गवताळ माळही. कुठे काय टिकणार हे माती, वणवा आणि चरणारी जनावरं ठरवतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्या ओढाताणीत कोवळ्या रोपांची मुळं तुटतात. गवताचे कोंब मात्र जमिनीलगत असतात. वरचं पातं जळलं, गुरांनी खाल्लं, तरी पहिल्या सरीला ते पुन्हा फुटतं. निसर्गाची वाटचाल एकाच ठरलेल्या शिखराकडे, म्हणजे शेवटच्या स्थिर अवस्थेकडे होते, हे मत अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 साली मांडलं. त्यांचेच देशबांधव आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांनी 1926 मध्येच ते खोडून काढायला घेतलं, आणि आज ते त्या रूपात कोणी मानत नाही. वणवे आणि चराई पूर्ण थांबली तर काही माळांवर झाडोरा दाटतो, हेही खरं. पण तो एका परिसंस्थेच्या जागी दुसरी येण्याचा प्रकार आहे, आजारी जमीन बरी होण्याचा नव्हे.

आता कुऱ्हाडीचा मुद्दा. जंगलं तुटली, भरपूर तुटली, याबद्दल वाद नाही. पण म्हणून प्रत्येक माळ माणसाने केलेला ठरत नाही. उज्जैनचे पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांनी 1957 मध्ये भोपाळजवळची भीमबेटका ही आदिमानवाच्या चित्रांच्या गुहांची जागा उजेडात आणली. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे तर नक्षी कोरलेलं कवच सापडलं, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचं. शहामृग घनदाट अरण्यात राहत नाही, त्याला धावायला उघडं रान लागतं. म्हणजे नांगर यायच्या कितीतरी आधी मध्य भारतात मोकळी मैदानं होती. त्याही मागे गेलो तर हिमालयाच्या पायथ्याच्या जुन्या मातीतला कार्बन सांगतो की उष्ण हवेत वाढणारी गवतं तिथे सुमारे 70 लाख वर्षांपूर्वी पसरली. तेव्हा कुऱ्हाड धरणारा माणूसच नव्हता.

या माळांवर कोण राहतं? रतलामजवळच्या सैलान्याला आणि धारमधल्या सरदारपूरला 1983 मध्ये अभयारण्यं झाली ती तणमोर या पक्ष्यासाठी. माळवी माणूस त्याला खरमोर म्हणतो. पावसाळ्यात काळा-पांढरा नर कमरेएवढ्या गवतातून सरळ वर उसळी घेतो, क्षणभर पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसभर हेच, शेकडो वेळा. मादीला तो दिसतो, कारण भोवती झाडी नसते. त्याच माळावर दाट वृक्षारोपण केलं की उसळी झाकली जाते आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांद्या मिळतात. तणमोर आज जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत आहे. त्याचं घर आपण पुण्यकर्म समजून मोडावं, हे मला सहन होत नाही.

प्राणवायूबद्दल थोडक्यात. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी जवळपास निम्मा समुद्रात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक देतात. जुनं जंगल जेवढा बनवतं तेवढा बहुतेक स्वतःच वापरतं. आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे, यंदाच्या रोपांनी तो वाढणार नाही. झाडं हवीत ती सावलीसाठी, पाखरांसाठी, मातीसाठी, आणि एवढी कारणं पुरेशी आहेत.

तेव्हा रोपं घेऊन निघालात तर कान्ह नदीच्या काठी, वस्तीत, शाळेच्या आवारात वड, पिंपळ, कडुनिंब खुशाल लावा, आणि पुढचे 3 उन्हाळे त्यांना पाणी घाला. ज्या माळावर पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतं उभी आहेत, तिथे मात्र खड्डे खणू नका. तिथे पावसाळ्यात गुरं बाहेर ठेवा आणि गवत दिवाळीनंतर, बी झडल्यावरच कापा.