लेलिवा कुलचिन्ह : फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

‘लेलिवावर चंद्रकोर-तारा आहे, म्हणजे ते लावणारी पोलिश घराणी मूळची तुर्की आणि एकाच रक्ताची’, असा मेसेज फिरतोय. दोन्ही चूक.

लेलिवात निळ्या ढालीवर टोकं वर केलेली सोनेरी कोर आणि वर सहा टोकांचा तारा असतो. तुर्की ध्वजावर कोर आडवी, तारा पाच टोकांचा. आणि हे चिन्ह जुन्या पोलिश कुळाचं आहे : 1330 मध्ये पोलंडमधलं टार्नूफ शहर वसवणारा सरदार स्पिचिमिर याच कुळाचा.

पोलंडमध्ये कुलचिन्ह आडनावागणिक नसे; एकच चिन्ह अनेक घराणी लावत. 1413 च्या पोलंड-लिथुआनियामधल्या होरोद्वो करारात पोलिश कुळांनी लिथुआनियन सरदारांना आपली चिन्हं दिली. लेलिवा विल्नियसच्या मोनिविद या लिथुआनियन सरदाराला मिळालं. रक्ताचा संबंध नव्हताच. म्हणून नुसत्या चिन्हावरून वंशावळ जुळवू नका. आडनाव आणि मूळ गावही पाहावं लागतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.