दोघांसाठी खोली शोधताना

माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं फेब्रुवारीत लग्न झालं. तेव्हा दोघांना रजा मिळाली नाही. आता ऑगस्टात जोडून सुट्ट्या आल्यात, तर दोन रात्री पणजीला जायचं चाललंय. परवा तिने मला चार हॉटेलांचे फोटो पाठवले. ‘मावशी, तू सारखी जातेस ना तिकडे, यातलं कुठलं घेऊ?’ मी चारही नीट पाहिले. पांढरी चादर, पायाशी तपकिरी पट्टी, भिंतीवर टीव्ही, पलंगावर टॉवेलचे दोन हंस. त्यातली एखादी खोली इंदूरची आहे असं कुणी सांगितलं असतं तरी मला पटलं असतं. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून इथेच लिहिते.

मत आधीच सांगून टाकते. दोघंच जाणार असाल आणि शहरात जाणार असाल, तर बाकी कशाच्याही आधी खोली ठरवा. आणि अशी ठरवा, की सकाळी डोळे उघडल्यावर आपण कुठल्या गावात आहोत हे ती खोलीच सांगेल. मुलंबाळं, सासू-सासरे बरोबर असले की खोली म्हणजे बॅगा ठेवायची जागा, तिथे गरम पाणी आणि स्वच्छ बाथरूम असलं की भागतं. दोघं असताना तसं नसतं. दुपारी ऊन किंवा पाऊस, रात्री लवकर परत येणं, सकाळी उशिरा उठणं असं सगळं धरून अर्धा वेळ खोलीतच जातो. तो अर्धा वेळ कसा जातो यावर ती सहल पुढे आठवणार की नाही हे ठरतं.

आमच्या लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला आम्ही एका मोठ्या शहरात, मोठ्या साखळी हॉटेलात उतरलो होतो. बोट ठेवायला जागा नव्हती. गादी उत्तम, नाश्त्याला वीस पदार्थ, माणसं अदबीने वागणारी. दोन दिवस आम्ही खोलीत टीव्ही पाहिला, आपापले मोबाईल पाहिले आणि परत आलो. त्या खोलीच्या खिडकीतून काय दिसत होतं हे आज मला काही केल्या आठवत नाही. नवऱ्यालाही नाही.

विसाव्या वाढदिवसाला आम्ही जुलैत पणजीला गेलो. कोल्हापूरहून आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. आंबोलीच्या घाटात धुकं इतकं, की गाडीचे दिवे लावून चालवावं लागलं. या वेळी मी हट्टाने फोंतेन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतलं एक घर शोधलं होतं. खाली मालकीणबाई राहतात, वर तीन खोल्या भाड्याने देतात. लाकडी जिना, कौलारू छप्पर, उंच पलंग, आणि खिडकीच्या तावदानांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे. काच महाग होती त्या काळात गोव्यात असे शिंपले बसवत. त्यातून बाहेरचं काही दिसत नाही, फक्त उजेड येतो, दुधात हळद घातल्यासारखा. पहिल्या दुपारी मी त्या उजेडात नुसती पडून राहिले होते.

रात्री पाऊस कौलांवर इतका जोरात आला, की दोघांनाही जाग आली. टीव्ही खोलीत नव्हताच. नवरा बराच वेळ पाऊस ऐकत राहिला आणि मग त्याने गडहिंग्लजच्या आजोळचं सांगायला सुरुवात केली. माडीवर आजोबांशेजारी तो झोपायचा. पावसात कौलं गळायला लागली की आजोबा उठून जिथे पाणी ठिबकतंय तिथे घमेलं, पातेलं, तांब्या मांडायचे, आणि दिवा मालवून याला विचारायचे, ‘सांग बघू, आता कुठलं भांडं वाजलं?’ तो वाडा विकला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. वीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. आपल्या माणसाबद्दल काहीतरी नवीन कळणं, याहून वेगळा प्रणय मला तरी माहीत नाही. आणि ते त्या छपरामुळे घडलं, असं मी ठामपणे म्हणते.

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने जाग आली. सायकलच्या मागे पावाची टोपली, वर निळं प्लास्टिक. मी खाली जाऊन गरम पोई आणल्या. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या दगडी बाकांच्या ओट्यावर, बसून आम्ही त्या चहात बुडवून खाल्ल्या.

राहायला तिथे असलं की पायी फिरणं आपोआप होतं. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी पाण्याचा झरा आहे, त्याच्यावरूनच या वस्तीला फोंतेन्हास हे नाव पडलं. १८४३ साली पोर्तुगिजांनी राजधानी जुन्या गोव्याहून अधिकृतपणे पणजीला आणली आणि शहर वाढत गेलं. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या दोन सज्ज्यांतली माणसं गप्पा मारू शकतात. पूर्वी दर पावसाळ्यानंतर घर रंगवावंच लागे आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, असं तिथली माणसं सांगतात. गल्लीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे. तिथला क्रूस एके काळी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. एरवी आपण पाहतो त्या मूर्तींत ते मिटलेले असतात. आम्ही दोघं त्याच्यासमोर बराच वेळ उभे होतो, बोललो काहीच नाही. संध्याकाळी चालत मांडवीच्या काठाने आदिलशहाच्या वाड्यापर्यंत. शेजारी आबे फारिया या संमोहनविद्येतल्या गोवेकर धर्मगुरूंचा पुतळा आहे, खाली पडलेल्या बाईवर हात पसरून संमोहन करणारा. जन्म कांदोळीचा, साल १७५६, आणि नाव झालं पॅरिसमध्ये. जाताना तिथे जरूर थांबा.

आता खोली निवडायची कशी? माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ही इमारत हॉटेल होण्याआधी काय होती? याचं नीट उत्तर मिळालं तर पुढचं बोलणं होतं. फोंतेन्हासमधलंच पंजिम इन घ्या, ते शंभराहून जास्त वर्षांचं राहतं घर होतं. त्यांचंच पंजिम पौसादा हे मधोमध चौक असलेलं हिंदू घर, आणि पंजिम पीपल्स ही पूर्वीची शाळा. एकाच गल्लीत तीन वेगळे इतिहास आहेत, आणि कुठे झोपायचं ते तुम्ही निवडू शकता. अहमदाबादचं हाऊस ऑफ एमजी म्हणजे शेठ मंगलदास गिरधरदास यांनी १९२४ साली बांधलेला वाडा. समोर रस्त्यापलीकडे सिदी सय्यदची जाळी, म्हणजे मशिदीतली कोरीव दगडी खिडकी. वर गच्चीत गुजराती थाळी मिळते आणि त्या जागेचं नावही गच्चीवरूनच, अगाशिये. अहमदाबादला कोण जोडीने फिरायला जातं, असं मला एकीने विचारलं होतं. जाऊन बघा, इतकंच म्हणते.

उत्तरात नुसतं ‘हेरिटेज लुक’ असं आलं तर मी फोन ठेवते. सिमेंटच्या भिंतीवर पितळी समई आणि जुना ग्रामोफोन ठेवला की घर जुनं होत नाही. हॉटेलने टाकलेले फोटो बाजूला ठेवून राहून गेलेल्या लोकांचे फोटो बघा, त्यात खिडकी दिसते का ते शोधा. खोली कुठल्या मजल्यावर, खिडकी कुठे उघडते, रात्री मदतीला कोण असतं, हे फोनवरच विचारा. चांगली माणसं या प्रश्नांनी खूश होतात. आमच्या मालकीणबाई तर पंधरा मिनिटं बोलत होत्या.

अडचणीही सांगायला हव्यात. लिफ्ट नसते. लाकडी जमीन करकरते, आणि शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो. गाडी गल्लीत जात नाही, लांब लावून चालत यावं लागतं. पावसाळ्यात उशांना किंचित दमट वास येतो. गुडघे दुखत असतील तर तळमजला मागून घ्या. त्या खोलीच्या बदल्यात हे सगळं मला चालतं, पण प्रत्येकाला चालेलच असं नाही, म्हणून आधी जोडीदाराला विचारा. त्याला न सांगता ठरवू नका.

आणखी एक गोष्ट, ही मला फार मनापासून सांगायची आहे. फोंतेन्हासमध्ये माणसं राहतात. तिथल्या दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या लागल्या आहेत, आणि त्या लागण्याची वेळ आपल्यासारख्यांनीच आणली. लग्नाआधीचे फोटो काढणारे लोक लोकांच्या पायऱ्यांवर कपडे बदलायला उभे राहिलेले मी स्वतः पाहिलेत. आतून एक आजी पडदा ओढून घेत होत्या. आपण ज्या खोलीचे पैसे देतो तिची गंमत निम्मी त्या शेजाऱ्यांच्या जगण्यामुळेच असते. सकाळी कुणाच्या तरी घरी पियानोचा सराव चालतो, कुणी कुंड्यांना पाणी घालतं. ती माणसं कंटाळून निघून गेली तर उरेल ती रंगीत भिंत.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. काल रात्री तिचा निरोप आला, एका घरात वरच्या मजल्यावरची खोली मिळाली आहे, खाडीकडची घेऊ की गल्लीकडची? मी सांगितलं, गल्लीकडची घे. पोदेर सकाळी तिकडूनच जातो. सुटे पैसे जवळ ठेव आणि भोंगा ऐकू आला की लगेच खाली उतर, तो थांबत नाही.