टीडीएस मीटरच्या आकड्यावरून पंचगंगा स्वच्छ ठरत नाही : खुलासा

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर पाण्यात बुडवलेल्या टीडीएस मीटरवरचा 150 हा आकडा दाखवून ‘नदीचे पाणी पिण्यायोग्य आहे’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

आकडा खरा असू शकतो. पण पेनाएवढा हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा (म्हणजेच टीडीएसचा) लिटरला मिलिग्रॅममध्ये अंदाज देतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे; ते पाचपट झाले, तरी मीटरवरचा 150 हा आकडा जागचा हलणार नाही. जंतू तर त्याला कळतच नाहीत. जयंती नाल्यातून येणाऱ्या मैलापाण्यातली सेंद्रिय घाण ओळखायची, तर नमुना 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवून त्यातला किती प्राणवायू खर्ची पडला हे पाहावे लागते.

नमुना घेतानाच चूक झाली, तर पुढची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, उपयोग नाही. काठावरच्या केंदाळाजवळचे नव्हे, तर वाहत्या धारेतले, फूटभर खालचे पाणी घ्यावे. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात, कारण एरवी धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि अहवालात कमी दिसतात. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली निर्जंतुक हवी, आणि ती बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी.

मीटर काहीही दाखवो, घाटावरचे पाणी मुलांना पाजू नये, ही कळकळीची विनंती.