फोटो आहेत, सापडत नाहीत

माझ्या हार्ड डिस्कवर ३१,००० फोटो आहेत. त्यातले निदान दोनशे एकाच मांजराचे, आणि ते मांजर आमचं नाही.

पूर्वी फोटो लावायला पिकासा हे सॉफ्टवेअर होतं, तोवर बरं चाललं होतं. गुगलने २०१६ मध्ये ते बंद केलं आणि तेव्हापासून मी 'फोटो नीट लावायला' सॉफ्टवेअर शोधतोय. लाइटरूम क्लासिकला वर्गणी भरावी लागते. डिजिकॅम, डार्कटेबल फुकट. फुकट म्हटल्यावर मी दोन्ही उतरवून घेतली, शिवाय आणखी चार.

त्यातल्या एकाने चेहरे ओळखायचं मनावर घेतलं. रात्रभर पंखा घरघरत होता. सकाळी त्याने माझे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? एकात केस होते, एकात नव्हते. एका भिंतीवरच्या स्विचबोर्डालाही त्याने चेहरा मानलं होतं. त्याबद्दल मात्र त्याला शंका नव्हती.

मग मी शहाणपणा केला. सगळे फोल्डर स्वतःच्या हाताने वर्षावार लावले, तेही सॉफ्टवेअरच्या नकळत. कॅटलॉगात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या यादीत, फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक बारीकसं प्रश्नचिन्ह. मांजराच्यासुद्धा.

वैतागून दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं. जाण्याआधी आवराआवर करताना दिसलं, की कित्येक फोटोंशेजारी त्याच नावाची एक चिमुकली एक्सएमपी फाइल बसली आहे. दोन-चार केबींचा कचरा! सगळ्या निवडल्या, पुसल्या, रिसायकल बिनही रिकामा केला. वर हात झटकले. माझ्या तीन महिन्यांच्या दुरुस्त्या, तारे आणि टॅग त्यांतच होते. मूळ फोटोंना मात्र धक्का लागला नव्हता. म्हणजे क्षितिज होतं तसंच तिरकं.

परवा बायको म्हणाली, "अहो, तुमचा तो केस असतानाचा फोटो द्या ना." मी म्हटलं, दोन मिनिटं. पाऊण तासाने तिने तो स्वतःच्या फोनमधून शोधून मलाच पाठवला.

मी तो लगेच नव्या कॅटलॉगात घातला. मेसेजमधून येताना फोटोची मूळ तारीख गळून पडली होती. त्यामुळे आता सॉफ्टवेअरच्या हिशेबाने परवापर्यंत माझ्या डोक्यावर भरगच्च केस होते. ती नोंद मी अजून दुरुस्त केलेली नाही.