वहीच्या पानावरचे सत्तावीस नंबर

अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. कामात लक्ष लागत नाही, दर अर्ध्या तासाने मोबाइलवर ते फिरणारं चक्र बघत बसतो, रेषा जरा उजवीकडे सरकली की छातीत धडधडतं. मी डोंबिवलीला राहतो. आई-अण्णा श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. मागे नारळ-सुपारीची वाडी, पुढे अंगण, मधे कौलारू घर.

ज्यांचं गावी कुणी नाही त्यांना ही काळजी कळत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मलाही २०२० पर्यंत कळत नव्हती. वादळं बंगालच्या उपसागरात होतात, ओडिशाला, आंध्रला जातात, आपल्या बाजूला फार तर पाऊस, असंच आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा कोळीवाड्यांनी ते भोगलं, पण आम्ही वाडीवाले लवकर विसरलो.

निसर्ग वादळाने विसरायला जागा ठेवली नाही. १ जूनला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं, २ जूनला त्याचं वादळ झालं आणि बांगलादेशाने सुचवलेलं ते नाव मिळालं, ३ जूनला दुपारी ते दारात उभं होतं. तयारीला वेळ तो केवढा! त्यात लॉकडाऊन. किनाऱ्यालगतच्या घरांना शाळेत हलवलं. अण्णा गेले नाहीत. गोठ्यात गाय गाभण होती. मी फोनवर त्यांच्यावर ओरडलो, ते मला आजही खातं. "गाय सोडून कुठे जाऊ रे?" एवढंच ते म्हणाले.

पावणेबाराला आईचा शेवटचा फोन आला. "मागच्या पडवीचे पत्रे गेले. आम्ही दोघं माजघरात बसलोय. कौलं निसटतायत, ऐकू येतंय का तुला?" ऐकू येत होतं. वाऱ्याचा आवाज म्हणून जो मला माहीत होता तो हा नव्हता. अंगणातून एखादा ट्रक चढावर पहिल्या गिअरमध्ये जातोय आणि तो जाता जातच नाही, तसा घुमणारा आवाज. मग फोन तुटला.

त्यानंतर चार दिवस काही नाही.

टीव्हीवर दिसत होतं की वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. संध्याकाळी बातम्यांत मुंबई थोडक्यात वाचली म्हणून सुटकेचा नि:श्वास. मला तो नि:श्वास फार लागला. मुंबई वाचली म्हणजे ते कुठेतरी गेलंच ना? ते माझ्या आईच्या डोक्यावरून गेलं होतं.

त्या चार दिवसांत मी किती वेळा फोन लावला त्याला मोजदाद नाही. शेजारच्या काकू, वरच्या आळीतला किराणावाला, म्हसळ्याचा मामा, सगळे बंद. लॉकडाऊनमध्ये प्रवासाला लागणाऱ्या ई-पाससाठी अर्ज केला तर तो अडकलेला. रस्त्यांवर झाडं आडवी, विजेचे खांब पडलेले, टॉवर मुके. माणूस जिवंत आहे की नाही हे कळायला दुसरा कुठलाच मार्ग नव्हता.

पाचव्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आमच्या गावातला एक मुलगा, विशीचा असेल. झाडं तोडत, चढवत, उतरवत मोटरसायकल काढून तो माणगावपर्यंत आला होता, कारण तिथे रेंज होती. त्याच्याकडे शाळेच्या वहीचं एक पान होतं. निघायच्या आधी तो घरोघर फिरला होता आणि प्रत्येकाकडून मुंबईचा एक-एक नंबर लिहून घेतला होता. सत्तावीस नंबर. आमचा नववा. तो म्हणाला, "दादा, आई-अण्णा सुखरूप आहेत. घराचं छप्पर गेलंय. गाय पण बरी आहे. ठेवतो, पुढचे करायचेत."

एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडलो.

पुढे ते पान मी त्याच्याकडून मागून घेतलं. चौकटीच्या वहीचं, निळ्या पेनाने लिहिलेलं, एका कोपऱ्यात पावसाचा थेंब पडून दोन आकडे फुटलेले. प्रत्येक नंबरापुढे घराचं नाव आणि नंतर एक बरोबरची खूण. दोन नंबरांपुढे खूण नाही, ते लागलेच नव्हते.

माझं म्हणणं या पानावरून सुरू होतं. वादळाच्या दिवशी जीव वाचवायची व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली आहे, आणि मी ती मनापासून मानतो. हवामान खातं ७२ तास आधीपासून टप्प्याटप्प्याने इशारे देतं, एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, पथकं आधी येऊन थांबतात, बंदरात बावटा लागला की होड्या वर ओढल्या जातात. पण वारा पडल्यानंतरचे पंधरा दिवस? ते आजही गावातल्या पोरांच्या मोटरसायकलीवरच चालतात. तांदूळ येतो, ताडपत्री येते, मेणबत्त्या येतात. खबर येत नाही. खबर ही मदतच आहे हो! "सुखरूप" या एका शब्दासाठी मुंबईत, सुरतेत, पुण्यात हजारो घरांत चूल नीट पेटत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत टॉवरशिवाय चालणारं एक संपर्काचं साधन हवं, मग ते उपग्रहावरचं असो की हॅम रेडिओ (हौशी लोक वापरतात तो बिनतारी संच), आणि ते वापरता येणारी दोन माणसं. टॉवरला जनरेटर हवा आणि त्यात डिझेल हवं. किनाऱ्यालगतच्या गावांत विजेच्या तारा जमिनीखाली जायला हव्यात. आमच्याकडे लाइट यायला सत्तावीस दिवस लागले. विहिरीवर मोटर असून आई दोरीने पाणी काढत होती.

मी पोचलो तो बाराव्या दिवशी. म्हसळा सोडल्यावरच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग कळलं की उजेड जास्त आहे. सावली गेली होती. आमच्या वाडीत उभं राहिलं की आधी समुद्र फक्त ऐकू यायचा, आता तो घराच्या मागच्या दारातून दिसत होता. पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडलेल्या, माड मुळासकट उपटलेले. अण्णा सांगत होते की वारा आधी एका बाजूने आला, मग एकदम पडला, इतका की पानही हलेना, आणि मग उलट्या बाजूने आला. पहिल्या झोताला जी झाडं वाकून तगली होती ती दुसऱ्याने मोडली. त्या मधल्या शांततेत शेजारचे दोघं पत्रे गोळा करायला बाहेर आले होते, अण्णांनी ओरडून आत घेतलं. हे सगळ्यांना माहीत असायला हवं म्हणून मुद्दाम लिहितोय: वादळ मधेच थांबलं तर ते संपलेलं नसतं.

आता भरपाईचं. सरकारने त्या वेळी बागायतीची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्याकडे हेक्टर कुणाकडे आहे? वाडी गुंठ्यांत मोजतात, आणि हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. दहा गुंठ्याला पाच हजार झाले. त्यात शंभर-सव्वाशे पोफळी असतात, त्यातली प्रत्येक लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं घेते. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. आडवा पडलेला माड कापून वाडीबाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त होती. अण्णांनी आयुष्यभर ज्याला पाणी घातलं त्याची ही किंमत कागदावर बघताना ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत राहिले. ज्या जमिनीवर माणसं गुंठ्यांनी जगतात तिथे हेक्टरचा हिशेब लावणं अन्याय आहे, आणि पुढचं वादळ यायच्या आधी तो बदलला पाहिजे.

पुढचं वादळ येणार, यात मला शंका नाही. वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलंच. ते गुजरातला उनाजवळ धडकलं, पण सिंधुदुर्गापासून वरपर्यंत सगळा किनारा घासून गेलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापलाय.

"मग आई-वडिलांना मुंबईला का नाही आणत?" हे मला भेटेल तो विचारतो. आणलं होतं. अण्णा दीड महिना राहिले, रोज पहाटे उठून गॅलरीत उभे राहायचे आणि खाली पार्किंगकडे बघायचे. पंचाहत्तरीच्या माणसाला वाडीतून उपटून तिसऱ्या मजल्यावर लावता येत नाही. आता मी त्यांना गाव सोडा म्हणत नाही. इशारा आला की एक-दोन रात्री शाळेत जा, एवढंच म्हणतो, आणि गायीची सोय आधी करतो. शाळेच्या मागे पक्क्या भिंतीची एक शेड आहे, तिथे गुरं बांधायला सरपंचांनी परवानगी दिली आहे. ती मिळाल्यापासून अण्णा जायला तयार होतात. इतकी साधी गोष्ट होती आणि मी ओरडत बसलो होतो.

त्या मुलाच्या पानावरून आम्ही मुंबईकरांनी आता पूर्ण यादी केली आहे. एकोणनव्वद घरं. प्रत्येक घराचे बाहेरचे दोन नंबर, घरात आजारी कोण, औषध कुठलं, गुरं किती. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक त्या मुलाकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. तुमचं गाव किनाऱ्यावर असेल तर या मे महिन्यात सुट्टीला जाल तेव्हा अशी यादी करा. कशी केली ते विचारायचं असेल तर इथेच विचारा, मी सगळं सांगेन.

त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळींतल्या अकरा जगल्या. आई परवा फोनवर म्हणाली, विहिरीजवळच्या एकीला पहिला घड धरलाय, अजून हिरवा आहे.