लाल यादीतली गोळी
व्हॉट्सॲपवर सध्या फिरतंय: ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आनुवंशिक आहे. गालातला स्वॅब द्या. रिपोर्टमध्ये हिरव्या यादीतलं औषध हमखास लागू पडतं, लाल यादीतलं लगेच बंद करा.’ बॉर्डरलाइन म्हणजे भावना आवरेनाशा होणं, नाती सारखी बिघडणं, असा मानसिक आजार; आणि हा स्वॅब म्हणजे जनुकांची तपासणी. नागपुरात धंतोलीत माझं औषधाचं दुकान आहे. परवा एक काका असा रिपोर्ट घेऊनच आले. ‘भाऊ, पोरीची पॅरॉक्सेटिन लाल आली, हिरवीतली द्या.’ पॅरॉक्सेटिन म्हणजे नैराश्यावरची गोळी.

‘आनुवंशिक आहे’ हे अर्धं खरं. २०१९च्या स्वीडनमधल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४६ टक्के निघाला. पण तो साऱ्या लोकसंख्येतल्या फरकांचा हिशेब आहे, काकांच्या एकट्या मुलीचा नाही.

‘हिरवं म्हणजे लागू’ ही खरी गफलत. रिपोर्टमधली सीवायपी२डी६, सीवायपी२सी१९ ही जनुकं यकृतातल्या एन्झाइमची, म्हणजे औषध मोडणाऱ्या प्रथिनांची. पॅरॉक्सेटिन, रिस्पेरिडोन या गोळ्यांना मुख्यतः पहिलं एन्झाइम मोडतं, एस्सिटॅलोप्रॅमला दुसरं. गोळी अंगात रेंगाळेल की झटक्यात संपेल, एवढाच अंदाज त्यातून येतो. मन सावरेल का, ते यकृताला काय ठाऊक! शिवाय खास या आजारासाठी मंजूर झालेलं एकही औषध अमेरिकेतसुद्धा नाही. फिट्सवरच्या लॅमोट्रिजिनकडून आशा होती. ब्रिटनमध्ये २७६ रुग्णांवर तपासलं, २०१८मध्ये निकाल आला, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. भर डीबीटीसारख्या (भावना सांभाळायला शिकवणाऱ्या) मानसोपचारावर असतो, आणि त्याची यादी स्वॅबमधून निघत नाही.

जनुक तेच राहिलं तरी एन्झाइमचं काम बदलतं. फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी सुरू असेल तर सीवायपी२डी६ दबतं. बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात ओलान्झापिन हे मनोविकारावरचं औषध कमी उरतं. (आपल्या चघळायच्या खर्र्याला हे लागू नाही. एन्झाइम वाढवतो तो धूर, तंबाखू नव्हे. म्हणून खर्रा खा, असं मी म्हणत नाहीये.)

‘लाल लगेच बंद करा’ हे तर धोक्याचं. लाल म्हणजे बहुतेकदा डोस बदलायचा विचार करा, इतकंच. पॅरॉक्सेटिन एकदम तोडली की चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड सुरू होऊ शकते, आणि घरचे समजतात आजारच उफाळला. लाल खरंच लाल असतं ते फिट्सवरच्या कार्बामाझेपिनचं: एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार असणाऱ्यांची कातडी सोलून निघण्याइतकी भयंकर रिॲक्शन येऊ शकते. ते नवं सुरू करायचं असेल तर ही तपासणी जरूर विचारा.

काकांना गोळी बदलून दिली नाही. आधीचीच पंधरा दिवसांची दिली, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायला सांगितला.